काचांची पेटी आणि ठाण्याचा दप्तरखाना

मिरज

प्रवासाला निघताना माणसं चिवडा घेतात, चादर घेतात, रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. मी यातलं सगळं घेतलं आणि वर सायकलची साखळी आणि कुलूप घेतलं. आमच्या सौ. दारात उभ्या राहून बघत होत्या. "ठाण्याला चाललाय की चंबळला?" त्यांनी विचारलं. माझं लक्ष रिक्षावाल्याकडे होतं. तो पेटीकडे जरा जास्तच वेळ बघत होता.

माझी सगळी नोकरी मिरजेच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर गेली. ज्यांनी नाका पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहरात येणारा प्रत्येक ट्रक तिथं थांबायचा, आम्ही ताडपत्री उचलून आत डोकवायचो, पावती फाडायचो आणि मगच सोडायचो. कांद्याच्या पोत्यांखाली मी रेडिओ सापडलेले पाहिलेत. एकदा लग्नाच्या वऱ्हाडात नवरीच्या रुखवताखालून सुपारीची पोती काढली होती, तेव्हा नवरीसुद्धा माझ्यावर ओरडली होती. असं आयुष्य काढल्यावर समोरचा नुसतं 'नमस्कार' म्हणाला तरी 'हा का म्हणाला असेल?' हा प्रश्न आधी पडतो. पुढे जकात गेली, नाका पाडला, माझी सवय तेवढी राहिली.

पेटी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तरुणपणी कल्याणला स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. फिल्म तेव्हा आली होती, पण आप्पा काचेवरच फोटो काढायचे. त्या काचा त्यांनी खाचा पाडलेल्या लाकडी पेटीत उभ्या रचून ठेवल्या होत्या. कल्याणच्या बंदरातली पडाव-गलबतं, कोलशेतची मिठागरं, बाजाराचा दिवस, कुणाकुणाची लग्नं. आणि एका काचेवर माझी आई.

मी पाळण्यात असतानाच आई गेली. त्यानंतर आप्पांनी कल्याण सोडलं आणि मला घेऊन मिरजेला आले. आईचा एक मोठा फोटो आमच्या भिंतीवर असायचा. पुराचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी तो गेला. पाणी ओसरल्यावर चौकटीत नुसता लगदा उरला होता. पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. तेव्हापासून आईचं या जगात एकच चित्र उरलंय, ते म्हणजे ती काच.

काच उजेडासमोर धरली की सगळं उलटं दिसतं. मिठाचे ढीग काळे, चिखल पांढरा. आई मिठागराच्या बांधावर उभी आहे आणि तिचे केस पांढरेशुभ्र. ती विशीतच गेली. म्हातारी झालेली ती मला फक्त या काचेत दिसते.

पाणी पुन्हा येणार हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मुलगा पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो. "बाबा, स्कॅन करा आणि टाकून द्या," असं तो म्हणतो, म्हणून त्याच्याकडे पेटी ठेवायची नाही हे मी ठरवलं होतं. मग कुणीतरी सांगितलं की ठाण्याला सरकारी अभिलेखागाराची एक शाखा आहे, तिथं जिल्ह्यातले जुने कागद, नकाशे, फोटो जपून ठेवतात. मी पत्र टाकलं. आठवड्याच्या आत उत्तर आलं, 'काचा पाहण्यास कार्यालय उत्सुक आहे'. सरकारी कचेरी उत्सुक आहे हे वाचलं आणि तिथंच मला पहिली शंका आली. ती शाखा नेमकी कुठली, हे मी इथं मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे झालं त्यावरून कारण कळेल.

डोंबिवली

प्रवासाचं वर्णन करत नाही. पेटी बाकाला साखळीनं बांधली होती आणि साखळीचं दुसरं टोक माझ्या पायात होतं. समोरच्या बाईंनी मला कैदी समजून जागा बदलली, एवढंच सांगण्यासारखं.

डोंबिवलीला माझी पुतणी वर्षा राहते. तिच्या दाराला भिंग, भिंगावर कॅमेरा, दारापुढे जाळीचं दुसरं दार, आणि खाली वॉचमन वहीत सही घेतो. मला हे शहर लगेच आवडलं. मिरजेत आमचं दार दिवसभर उघडं असतं आणि येणारा थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. इथं शेजाऱ्याचं आडनावसुद्धा वर्षाला आठवून सांगावं लागलं. हे बरं की वाईट, यावर आमचा पोहे खाताना वाद झाला. पोह्यांवर ओलं खोबरं होतं. आमच्याकडे शेव असते. खोबऱ्याचे पोहे चांगले लागतात हे मी मान्य केलं, पण तिच्यासमोर नाही.

"काका, अहो साखळी काय! पायाला वळ उठलाय बघा," वर्षा म्हणाली.

तिचा नवरा नितीन एका मोठ्या कंपनीत आहे आणि घोडबंदर रोडला जाऊन-येऊन त्याचा जीव अर्धा झालाय. तरी संध्याकाळी आल्या आल्या तो पेटीपाशी बसला. बाल्कनीतल्या उजेडात त्यानं काचा एकेक करून धरल्या आणि मोबाइलवर फोटो काढत सुटला.

"काका, भारी आहे हे! कसलं क्लिअर आलंय! मी एकदा एका एक्झिबिशनला गेलेलो, तिथे पण असं नव्हतं."

"फोटो कशाला काढतोस?"

"असंच. टेन्शन नका घेऊ, मी आहे ना."

जकात नाक्यावर 'मी आहे ना' म्हणणाऱ्याच्या गाडीत हमखास काहीतरी असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या फोनवर एका अनोळखी माणसाचा फोन आला. फार गोड बोलत होता. काचेच्या जुन्या निगेटिव्ह आहेत असं कळलं, आपण घरी येऊन बघू का, सरकारला देऊन काय मिळणार, धूळ खातील, असं सगळं. मी फोन ठेवला आणि नितीनकडे बघितलं. तो टोस्टला बटर लावत होता.

"माझा नंबर कुणाला दिलास?"

"मी नाही दिला. म्हणजे, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेले फोटो. एकानं विचारलं कोणाचे, तर..." त्याचा चेहरा पडला. "काका, अभिमान म्हणून टाकलेले हो."

वर्षानं त्याच्यावर डोळे वटारले. त्या क्षणापासून पेटी मी बाथरूमच्या दारापर्यंत बरोबर नेऊ लागलो.

ठाणे

अभिलेखागार बाहेरून काहीच वाटत नाही. एक जुनी दगडी इमारत, पुढे स्कूटर उभ्या, जिन्यावर पाण्याचा थंडगार कूलर. मोठी कमान आणि शिपायाच्या डोक्यावर फेटा असं काहीतरी माझ्या मनात होतं. दारात शिपाई होता, पण फेटा नव्हता, चष्मा होता. त्यांचं नाव भोईर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हात पुढे केला.

"पेन द्या."

"का?"

"आतमंदी पेन नाय चालत. पेन्सिल भेटंल. पिशवी कप्प्यात ठेवा, पाण्याची बाटली पन. खिशान काय हाय?"

मी खिसे उलटे करून दाखवले. त्यांनी माझे हातही बघितले, बोटांना तेल लागलेलं नाही ना म्हणून. माझी झडती घेतली जात होती! आयुष्यभर मी लोकांच्या ताडपत्र्या उचलल्या, माझी कुणी उचलली नव्हती. राग आला आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरंही वाटलं.

आतल्या प्रमुख सोनावणे मॅडम. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलणं मोजकं. पेटी बघायला त्या उठल्या नाहीत. आधी म्हणाल्या, "साळोखेसाहेब, पेटी तुमची आहे हे कशावरून?"

मी चाट पडलो. मग आप्पांच्या मृत्यूचा दाखला, माझं आधार कार्ड, स्टुडिओच्या नावाची पाटी असलेला एक जुना फोटो असं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. मी पुरावे घेऊन आलो होतो ते त्यांनी फसवलं तर दाखवण्यासाठी, आणि उपयोगी पडले माझ्याच तपासणीत. त्यांनी प्रत्येक कागद उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. नाक्यावर माझ्या हाताखाली असा एक जरी माणूस मिळाला असता!

"आता मला बघायचंय," मी म्हणालो. "माल कुठं ठेवता ते बघितल्याशिवाय मी माल देत नाही."

त्या हसल्या नाहीत. उठल्या आणि किल्ल्यांचा जुडगा घेतला.

दप्तरखाना म्हणजे लांबच लांब खोल्या आणि लोखंडी मांडण्या. त्यांवर लाल खारव्याच्या कापडात बांधलेले गठ्ठे. त्यांना तिथं रुमाल म्हणतात. वेखंडाचा उग्र वास सगळीकडे होता, किडीसाठी पुरचुंड्या ठेवलेल्या. इथं खाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे कागद होते, शहापूर-मुरबाडकडच्या जंगलाचे, मिठागरांच्या हद्दीचे नकाशे होते, तलावांचे, रेल्वेसाठी गेलेल्या जमिनींचे. मॅडम सांगत होत्या की हे सगळं आधी कल्याणच्या एका गोदामात होतं. एका पावसाळ्यात तिथं खाडीचं पाणी शिरलं. तेव्हाच्या लोकांनी रुमाल डोक्यावरून बाहेर काढले, व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या आणि कागद एकेक करून कपड्यांसारखे वाळत घातले. घरचे पंखे आणले. काहींनी तर बायकोच्या इस्त्र्या आणल्या, त्यात थोडे कागद करपले. मग ते सगळं इथं ठाण्याला आलं.

"करपलेले टाकून दिले असतील," मी म्हणालो.

त्यांनी एक रुमाल सोडला. आतल्या कागदावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग होता आणि बरोबरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'इस्त्रीचा डाग, पुरानंतर सुकवताना'. दुसऱ्या कागदावर चहाच्या कपाचं वर्तुळ, त्याचीही नोंद. एका नकाशावर कुंकवाची बोटं. पूर्वी दसऱ्याला शिपाई दप्तरांची पूजा करायचे, झेंडू वाहायचे, हळदकुंकू लावायचे. चिठ्ठी होती, 'दसऱ्याचे कुंकू. पुसू नये'.

"पुसलं का नाही?"

"आम्ही डाग पुसत नाही, डाग लिहून ठेवतो," मॅडम म्हणाल्या. "पुसायला गेलं की खालची शाई पण जाते. आणि डाग पडला हे तर खरंच आहे ना?"

मग त्यांनी मला एक मांडणी दाखवली आणि मी पाऊण तास तिथून हललो नाही. कल्याण बंदरातल्या जुन्या जकातीचे कागद! कुणी गूळ म्हणून काय आणलं, कुणी घोंगड्यांच्या गठ्ठ्यात काय दडवलं, कारकुनानं कसं पकडलं. माझ्याच खात्यातले हे पूर्वज. एकानं समासात लिहिलं होतं की व्यापारी फार गोड बोलतो, सबब गठ्ठा पुन्हा उघडावा. माझ्या अंगावर काटा आला.

तरीपण. मॅडम म्हणाल्या की काचा तपासणीसाठी काही दिवस ठेवून जाव्या लागतील, तोवर साधी पोच मिळेल, पक्की नोंद नंतर. माझ्या डोक्यात घंटा वाजली. काही दिवसांत काय काय बदलता येतं हे मला माहीत आहे. खरी काच काढून तिथं दुसरी ठेवायची, आणि त्या गोड बोलणाऱ्याला फोन करायचा.

"विचार करून सांगतो," असं म्हणून मी पेटी उचलली. जाता जाता दारात भोईरनी तपासणीसाठी पेटी उघडली आणि पुढची काच उजेडाला धरली. ती आईची होती. ते बघतच राहिले.

"यो तर आमचे कोलशेतचा मिठागर! ती लांबची टेकडी बगा. तुमी रविवारी घरा या, मी दाखवतो."

कोलशेत

मी गेलो. जायचं कारण एकच, भोईरांवर माझा संशय होता. त्या दिवशी मी कचेरीतून निघताना ते कोपऱ्यात हळू आवाजात फोनवर बोलत होते आणि 'पेटी घेऊन येतात' हे शब्द मी कानांनी ऐकले होते. त्या गोड माणसाला ते आतून सामील असणार. उघडकीला आणायचं असेल तर जाळ्यात शिरावं लागतं.

घोडबंदर रोडवर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. दोन्ही बाजूंना इतके उंच टॉवर की वरचे मजले बघताना माझी टोपी पडली. एवढ्या लोकांची जकात कुणी घेतली असती, या विचारात मी होतो. नितीन अपराधी चेहऱ्यानं गाडी चालवत होता.

भोईरांचं घर जुन्या गावठाणात, मागे खाडी. आत गेलो तर कुणी दलाल नाही. भोईरांची बायको चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील, सुक्या जवळ्याची चटणी. कचेरीतला हळू आवाजातला फोन हा होता. पाहुणे पेटी घेऊन येतात, बाजारातून ताजी कोलंबी आण, असा. आमच्याकडे ज्वारीची भाकरी ताटात टाकली की आवाज येतो. ही तांदळाची मऊसूत, घडी घालून खिशात ठेवता येईल अशी. मी किती खाल्ल्या ते सांगत नाही. नितीन मोजत होता.

जेवण झाल्यावर भोईर मला खाडीकडे घेऊन गेले. मिठागर राहिलं नाही. काही भागात तिवरांची झाडं वाढलीत, काही भागात भिंत घालून आत क्रेन उभी आहे. भोईरनी काच डोळ्यांसमोर धरायला सांगितली आणि मला हातानं थोडं डावीकडे सरकवलं. लांबच्या टेकडीची रेघ आणि काचेतली रेघ एकावर एक बसली.

"हितंच उभी व्हती तुमची आई," चार पावलं पुढे जाऊन ते म्हणाले.

पायाखाली सिमेंटचे तुकडे होते आणि कुणीतरी टाकलेली चिप्सची पाकिटं. मी तिथं जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे आईच्या कुठल्याच जागेचा पत्ता नव्हता, आता एक झाला. भोईर बाजूला जाऊन खाडीकडे तोंड करून उभे राहिले, ते मला फार बरं वाटलं.

परत येताना मी ठरवलं की काचा ठेवायच्या. पण माणूस चांगला जेवायला घालतो म्हणून कचेरीवर विश्वास ठेवायचा? नाक्यावर आम्ही तपासलेल्या मालावर मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायचो, एक गोल आणि त्यातून आडवी रेघ. अर्थ असा की तपासलं, संशयास्पद काही नाही. तशी पेन्सिल अजून माझ्या पाकिटात असते. त्या रात्री वर्षाच्या डायनिंग टेबलवर, सगळे झोपलेले असताना, मी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीकशी खूण केली. काच बदलली तर लगेच कळेल. चकचकीत बाजूवर पेन्सिल घसरत होती, म्हणून दुसऱ्या, मंद दिसणाऱ्या बाजूवर केली. तिथं ती छान उमटली. आईच्या काचेवर मात्र हात थांबला. शेवटी तिच्या पायापाशी, चिखलाच्या जागी, सगळ्यांत लहान खूण केली. कामाचं समाधान घेऊन मीही झोपलो.

कल्याण

सोमवारी पेटी मॅडमच्या ताब्यात दिली, पोच घेतली आणि मोकळ्या हातांनी कल्याणला गेलो. इतक्या दिवसांनी हातात पेटी नव्हती तर हात कुठं ठेवायचे ते कळेना. आप्पांच्या स्टुडिओच्या जागी मोबाइलच्या काचा बदलून देणारं दुकान आहे. "इथे फोटो स्टुडिओ होता का?" मी विचारलं. "फोटो? फोन दो ना काका, मी काढतो," तो म्हणाला आणि काढलासुद्धा. त्यात माझे डोळे मिटलेले आले.

बंदराच्या बाजूला वाळू, पुलावरच्या गाड्यांची घरघर, पाण्याला काळसर वास. आप्पा इथं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून उभे राहत असतील. दिवसभर दुसऱ्यांची बाळं त्यांच्या आयांच्या मांडीवर बसवून फोटो काढणारा माणूस, आणि बायकोचा नि स्वतःच्या बाळाचा एकत्र फोटो मात्र 'आज काढू, उद्या काढू' करत राहून गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडताना, वर न बघता.

वडापाव खात होतो तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"साळोखेसाहेब, लगेच येऊ शकाल? काचांबद्दल एक विचारायचं आहे. फोनवर नको."

'फोनवर नको'! वडापाव तसाच टाकला. झालं, म्हटलं. गेल्या काचा. मी रिक्षात बसल्या बसल्या वर्षाला फोन केला, नितीनला पोलीस स्टेशनला जायच्या तयारीत राहायला सांग म्हणून.

पुन्हा ठाणे

भोईरनी पेन मागितलं. मी ते त्यांच्या हातावर आपटलं आणि तडक आत गेलो. टेबलावर काचा मांडलेल्या होत्या, पांढऱ्या मऊ कागदावर. मी झपाट्यानं खुणा बघत गेलो. पहिली, आहे. पुढची, आहे. आईची, आहे. सगळ्या होत्या. एकही काच बदललेली नव्हती. फक्त कडेला एक मूळचीच तडकलेली काच होती, तिच्या कोपऱ्यातली खूण अर्धी पुसलेली आणि तिथलं चित्रही गेलेलं.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला होता. "प्रत्येक काचेवर हीच खूण आहे. गोल आणि आडवी रेघ. माझे सहकारी म्हणतात ही तुमच्या वडिलांची सही असणार. अशी खूण करणारा छायाचित्रकार आपल्या भागात दुसरा माहीत नाही. त्यांनी नोंदसुद्धा तयार केली आहे, पेन्सिलीनं. पण मेण मला ताजं वाटतंय. तडकलेल्या काचेवर कापसानं पुसून बघितलं, तर मेणाबरोबर चित्राचा थरच निघाला, म्हणून थांबले. तुम्हाला विचारल्याशिवाय पक्कं करायचं नव्हतं. खूण वडिलांची आहे का?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'छायाचित्रकाराची खूण'.

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. आप्पांना कायमची सही मिळाली असती. उद्या कुणी अभ्यास करणारा आला असता तर त्यानं त्या गोलात खाडी आणि क्षितिज बघितलं असतं. आणि मी केलेला प्रकार कुणाला कधी कळला नसता. मी आईच्या काचेकडे बघितलं. पांढऱ्या केसांची आई, पांढऱ्या चिखलात उभी, आणि पायाशी माझा काळा गोल. जपण्यासाठी म्हणून आणल्यापासून काचांचं एवढंच नुकसान झालं होतं, आणि ते माझ्या हातचं होतं. लाजेनं माझे कान तापले.

"वडिलांची नाही," मी म्हणालो. "माझी आहे. कालची."

"का केलीत?"

"तुम्ही काचा बदलाल म्हणून."

दारात भोईर उभे होते, त्यांनी मान फिरवली. आता मॅडम पेटी परत करतील, हाकलून देतील, असं वाटलं. मी असतो तर दिली असती.

"अर्थ काय खुणेचा?" त्यांनी विचारलं.

"जकात नाक्यावरची आहे. तपासलं, संशयास्पद काही नाही."

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, तेवढंच. त्यांनी रबर घेतलं, पेन्सिलीनं लिहिलेली ओळ खोडली आणि त्याच जागी नवीन लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून:

'काचेच्या कोपऱ्यात मेणाच्या पेन्सिलीची खूण: गोल व त्यातून आडवी रेघ. काच या कार्यालयाकडून बदलली जाईल, या संशयाने दात्याने स्वतः केली. खुणेचा अर्थ: तपासले, संशयास्पद काही आढळले नाही. पुसू नये.'

"असं लिहिणार तुम्ही? कायमचं?"

"झालंय तसंच लिहायला हवं ना," त्या म्हणाल्या. "सही करा खाली. पेन भोईर देतील."

मी सही केली. पक्की नोंद झाली, काचा वेगवेगळ्या मऊ कागदात गेल्या, पेटी मांडणीवर चढली. त्या मांडणीच्या समोरच बंदराच्या जकातीचे रुमाल आहेत. निघताना मॅडमनी मला आईच्या काचेवरून काढलेला एक फोटो दिला, हाताच्या पंजाएवढा. त्यात सगळं सुलट झालं होतं. मीठ पांढरं, चिखल काळा, आईचे केस काळेभोर. ती माझ्या सुनेपेक्षाही लहान दिसते. डोळे किलकिले करून हसते आहे, बहुतेक आप्पा काहीतरी बोलले असणार. आणि तिच्या पायापाशी काळ्या चिखलावर एक छोटासा पांढरा गोल, आडव्या रेघेचा.

परतीच्या गाडीत साखळीचं काय करायचं हा प्रश्न होता. भोईरांच्या घरून आलेली सुक्या बोंबलांची पिशवी होती, ती बांधली. वासामुळे तिला कुणी हात लावण्याची शक्यता नव्हती, तरी बांधली. फोटो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं.

आता तो आमच्या भिंतीवर आहे, पुराचं पाणी पोचणार नाही इतका उंच. येणारा-जाणारा विचारतो की आईच्या पायाशी तो गोल कसला. सुरुवातीला मी डाग आहे असं सांगायचो. हल्ली खरं सांगतो. आईचा आणि माझा एकत्र असा फोटो कधी निघालाच नाही, आप्पांचं ते राहूनच गेलं होतं. आता आहे. ती हसते आहे आणि तिच्या पायाशी मी आहे, संशय घेत बसलेला.